राजीखुशीने

निवृत्तीच्या सत्काराची पत्रिका घरी आली तेव्हा मी सूप घेऊन तूरडाळ निवडत बसले होते. पत्रिका जाड, गुळगुळीत कागदाची. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. माझ्या नावाआधी शब्दांची रांगच होती: आदर्श शिक्षिका, युवा पिढीचे प्रेरणास्थान, त्यागमूर्ती. यजमानांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "मूर्ती झालीस की. आता रोज अभिषेक घालावा लागणार." मी हसले. डाळीत खडा दिसला तो काढून टाकला. तो शब्द मात्र काही केल्या निघेना.

पहिल्या दोन शब्दांचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडे निवृत्त होणारा प्रत्येक मास्तर आदर्शच असतो. छापखान्यात तो मजकूर तयारच असावा, नाव तेवढं बदलत असतील. तिसरा शब्द मात्र खास माझ्यासाठी घातलेला होता. त्यामागे एक गोष्ट होती आणि ती साऱ्या गावाला ठाऊक होती, कारण ती मीच सांगितली होती.

आमचा मुलूख कुठला ते आधी सांगते. बीदर जिल्ह्यातले भालकी, औराद, बसवकल्याण हे तालुके, आणि खाली कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. १९५६ पर्यंत हे सगळं हैदराबाद राज्यात होतं. मग भाषेच्या रेघा ओढल्या आणि आम्ही कर्नाटकात आलो. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड, असं आमचं चालतं. तिन्ही भाषांत भांडता येतं. रडता येतं ते मात्र मराठीतच. आमच्या सैतवाल जैनांची घरं गावोगाव विखुरलेली, कुठे चार, कुठे दहा. कुणाचं दुकान, कुणाची शेती, बऱ्याच जणांचं दोन्ही. माझ्या माहेरी अठरा एकर काळी जमीन होती आणि एक किराणा दुकान. मी बी.ए. बी.एड. झाले, १९८२ साली लग्न झालं, आणि पुढे सासरच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत लागले.

१९९६ साली अप्पा गेले. दोन वर्षांनी दादाचा निरोप आला की जमीन नावावर करून घ्यायची आहे, तुझी एक सही लागते, येऊन जा. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. कचेरीच्या व्हरांड्यात लिंबाच्या सावलीला बाँड रायटर बसलेले होते. आमचे बाँड रायटर म्हातारे, मराठी बोलणारे. कागद कन्नडमध्ये टाईप केलेला होता. मला कन्नड बोलता येतं, वाचायला मात्र अक्षर अक्षर जुळवावं लागतं. त्यांनी घाईघाईनं वाचून दाखवलं. एका ठिकाणी थांबून मराठीत सांगितलं, "म्हणजे अक्का, तुम्ही राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय, आपला हक्क सोडून देत आहात, असं हाय हे."

मी विचारलं, "माझा हक्क होता का?"

ते दादाकडे बघून हसले. मग म्हणाले, "आता १९९४ सालापास्नं नवा कायदा आलाय कर्नाटकात. पोरींना पण भावाएवढा वाटा, जन्मापास्नं. तुमचं लग्न त्याच्या आधीचं, म्हणून तो तुम्हाला लागत नाही. पण तुमच्या अप्पांच्या वाट्यात तुम्ही हायच की. ते १९५६ पास्नंच हाय. म्हणून तर सही लागते. नसता कशाला बोलावलं असतं तुम्हाला?"

हिंदू वारसा कायद्यात जैनही येतात, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं. मी बी.ए. झालेली बाई. चाळीस पोरींना नागरिकशास्त्र शिकवत होते.

माझा वाटा नेमका किती निघाला असता, तो हिशोब करायला वकील लागतो. पण तो शून्य नव्हता. मी सही केली. अंगठाही उठवला. घरी आईनं पुरणपोळी केली होती. वहिनीनं हळदकुंकू लावून हिरवी इरकल साडी दिली. दादाच्या डोळ्यात पाणी आलं. तो म्हणाला, "तुझ्यासारखी बहीण मिळायला पुण्य लागतं." मला अगदी खरं सांगायचं तर तेव्हा बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

पण सही का केली? लोक म्हणतात तो त्याग. मी पुढे वीस वर्षं तसंच सांगितलं. अप्पांच्या मागे आई दादाकडे होती. मी नाही म्हटलं असतं तर तिच्या ताटात काय पडलं असतं, हा विचार एसटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात होता. (ती कर्नाटकची बस, पण आम्ही सगळे तिला एसटीच म्हणतो.) दुसरा विचार पंचमीचा. आमच्याकडे नागपंचमीला माहेरहून बोलावणं येतं, झाडाला झोके बांधतात, कितीही वय झालं तरी बाई त्या दिवशी माहेरी लेक असते. ज्यांनी वाटा मागितला अशा दोघीजणी मला ठाऊक होत्या. त्यांना पंचमीला कोणी बोलावत नसे. त्यांच्याविषयी बोलताना बायका आवाज खाली आणत, जणू त्या घरातून पळून गेल्या होत्या. मला भीती वाटली. त्या कागदावर 'राजीखुशीने' लिहिलं होतं ते चूक होतं. 'भिऊन' असं लिहायला हवं होतं. पण तसा कागद कोणी नोंदवून घेत नाही.

आता शाळेचं सांगते, कारण माझा खरा दोष तिथला आहे.

सही केली त्याच वर्षी नववीच्या वर्गाला माझ्याकडे नीतिपाठाचा तास होता. आठवड्यातून एकदा, शेवटचा. पोरं दमलेली, बाहेर ऊन, कोणाचं लक्ष नसतं. गोष्ट सांगितली तरच ती बसतात. मी थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगत असे. त्यात माझी हक्काची एक गोष्ट होती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंची.

भाऊराव आमच्या जैन घरातले, कोल्हापूरकडच्या कुंभोजचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. त्यात सगळ्या जातीची गोरगरीब पोरं एका पंगतीला जेवत. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांनी ते सोवळं बाजूला ठेवलं आणि त्या पोरांची आई झाल्या. घरात दाणा नसला की अंगावरचं सोनं मोडायचं, असं करत करत माहेरचं सगळं सोनं गेलं, आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. संस्था पुढे केवढी वाढली ते त्यांना बघायला मिळालं नाही. ही गोष्ट सांगताना दरवेळी माझा आवाज भरून यायचा आणि पोरी पदराला, म्हणजे ओढणीला, डोळे पुसायच्या.

दुसरी गोष्ट अत्तिमब्बेची. हजार वर्षांपूर्वीची, चालुक्यांच्या दरबारातली बाई. नवरा लढाईत पडला. बहीण गुंडमब्बे ही तिची सवतही होती. ती सती गेली. अत्तिमब्बे लहान मुलासाठी मागे राहिली. पुढे तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, दीड हजार जिनमूर्ती करवल्या, लक्कुंडीला बसदी बांधली. रन्न कवीनं तिच्या आश्रयानं ९९३ साली अजितपुराण लिहिलं. लोक तिला दानचिंतामणी म्हणतात. कर्नाटक सरकार आजही तिच्या नावानं लेखिकांना पुरस्कार देतं.

त्या दिवशी या दोन गोष्टी झाल्या आणि तास संपायला दहा मिनिटं उरली. मग मी तिसरी सांगितली. माझी स्वतःची. अठरा एकर, दादा, सही, साडी, दादाच्या डोळ्यातलं पाणी. व्हरांड्यातलं तेवढं वगळलं. १९९४ चा कायदा वगळला. समोर बसलेल्या पोरींपैकी एकीचंही लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे ज्यांच्या घरी वाडवडिलांची शेती होती त्या प्रत्येकीला तो कायदा लागू होता, भावाएवढा, जन्मापासून. ते मला चारच महिन्यांपूर्वी कळलेलं होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी गोष्ट जरा वेगळी दिसली असती.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीनंही प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट मग दरवर्षी होऊ लागली. मी सांगितली नाही तर पोरी आठवण करून देत, "बाई, ती जमिनीची सांगा ना." हेडमास्तरांनी एकदा पंधरा ऑगस्टला भाषणात सांगितली. देवळात कोणीतरी सांगितली. गोष्ट फिरत फिरत परत माझ्याकडे यायची तेव्हा अठरा एकरांचे तीस एकर झालेले असायचे. मी दुरुस्त करत नसे.

सत्कार २०१८ साली, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर झाला. शाल, फेटा, नारळ, पितळी समई. चार भाषणं झाली, चारही भाषणांत जमीन होती. एका तरुण मास्तरांनी तर पोरींकडे हात करून सांगितलं, "आजच्या मुलींनी बाईंसारखं व्हावं. आजकाल हक्क हक्क फार चाललंय." तेव्हा मला खुर्चीत जरा अवघडल्यासारखं झालं. फेटा घट्ट बांधला होता म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर जिलेबीच्या रांगेजवळ एक बाई आली. पाया पडली. साधी नायलॉनची साडी, हातात कापडी पिशवी, मागे शाळेच्या गणवेशातली एक उंचेली पोरगी.

"बाई, वळखलाव का मला?"

चेहरा ओळखीचा होता, नाव आठवेना. तिनं सांगितलं. पहिल्या बाकावरची, गणितात हुशार, वेण्यांना लाल रिबिनी. १९९८ सालचा नववीचा वर्ग. ती पहिलीच तुकडी जिला मी ती गोष्ट सांगितली होती.

"काय करायलालीस आता?" मी विचारलं.

शिवणकाम करते, म्हणाली. माहेरीच असते. नवरा चार वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून गेला. सासरी दिरांनी ठेवलं नाही. दादानं गोठ्याच्या बाजूची खोली दिली आहे. "दादा वाईट नाही बाई," ती लगेच म्हणाली, "लाईटचं बिल पण मागत नाही. पण घर वहिनीचं हाय ना. पोरगीला जरा सांभाळून ऱ्हावं लागतं."

मग तिचा चेहरा उजळला. "बाई, माझं लग्न ठरलं तवा दादा म्हणाला, सही दे. २००३ साल. मामा म्हणत होते, देऊ नकोस. मला तुमची आठवण आली बगा. म्हटलं, आमच्या बाईंनी तीस एकरावर सही केली, माझे तर चारच एकर. हसत हसत केली. रडले पण नाही." आणि मागे वळून पोरीला म्हणाली, "ह्याच त्या बाई. मी सांगते ना तुला नेहमी."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. नववीतली पोरगी, आईसारखीच वेण्यांना लाल रिबिनी. तिच्या नजरेत जे होतं ते मी तीस वर्षं पोरींच्या डोळ्यांत पाहात आले आहे, आणि आवडीनं पाहात आले आहे. त्या दिवशी ते मला सहन झालं नाही.

ती तक्रार करत नव्हती. तक्रार केली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती अभिमानानं सांगत होती. तिनं आयुष्यात केलेली ती एक मोठी गोष्ट होती आणि ती माझ्यामुळे केली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची आहेस," एवढंच बोलले. जिलेबीची दोन पानं तिच्या हातात दिली. घरी आले.

त्या रात्री झोप नव्हती. पंखा नुसता गरगरत होता. मनात मी आधी स्वतःचा बचाव केला. मी काही तिला सही कर म्हटलं नव्हतं. तिचे भाऊ, तिचे मामा, तिचं नशीब. शिवाय मी तर नुसती एक गोष्ट सांगितली. पण मास्तरकी करणाऱ्या बाईला 'नुसती गोष्ट' म्हणता येत नाही. पाढे विसरतात, व्याकरण विसरतात, बाई स्वतःविषयी जे बोलल्या ते कोणी विसरत नाही.

मग मला लक्ष्मीबाई आठवल्या. त्यांचं सोनं त्यांचं होतं, माहेरहून आलेलं, त्यांच्या अंगावर असलेलं. ते मोडलं तेव्हा ते कुठे जातं ते त्यांना दिसत होतं: समोर पोरं जेवत होती. अत्तिमब्बेनं हजार पोथ्या वाटल्या, त्या तिच्या पैशाच्या. आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात, सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. मी पोरांची सहल कितीदा तिथे नेली आहे. आज तिथे मोडका किल्ला आणि नेमिनाथाची बसदी एवढंच बघण्यासारखं राहिलंय, पण एकेकाळी ती राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. अमोघवर्षानं चौसष्ट वर्षं राज्य केलं. आचार्य जिनसेन त्याचे गुरू. महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला तो त्याच्याच काळात. वाटणीची गणितं त्या पुस्तकात हवी तेवढी आहेत. परंपरा सांगते की उतारवयात अमोघवर्षानं विवेकानं राज्य सोडलं. मी हे पोरांना नदीकाठी उभं राहून सांगत असे. अमोघवर्षाला राज्य सोडता आलं, कारण राज्य त्याचं होतं. माझ्या हातात ती जमीन एक दिवसही आली नव्हती. पहाणीवर माझं नाव एकदाही लागलं नव्हतं. व्हरांड्यात मला कळलं की माझं काही आहे, आणि पाच मिनिटांत ते गेलंही. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही, पण अपरिग्रह म्हणायला जीभ रेटत नाही. परिग्रह तर होऊ द्यायचा आधी.

बसवकल्याण आमच्यापासून फार लांब नाही. अक्का महादेवी तिथे अनुभवमंटपात आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला लगेच हात जोडले नाहीत. परंपरेत असं सांगतात की त्यांनी तिची कसून परीक्षा घेतली. नवरा कोण, कपडे टाकलेस तर केसांनी अंग का झाकलंस, असले बोचरे प्रश्न भरसभेत विचारले. तिनं उत्तरं दिली, मग सभेनं तिला मानलं. बाराव्या शतकात आमच्या मुलखात ही रीत होती. माझ्या वर्गात पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीनं जरी विचारलं असतं, "बाई, साडीची किंमत किती होती?" तर बरं झालं असतं. पण प्रश्न विचारणारी पोर मला तेव्हा उद्धट वाटली असती, हेही खरं.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, दहा धर्म: क्षमा, मार्दव, आर्जव असे एकेक. आठव्या दिवशी उत्तम त्याग. देवळातल्या मंडळानं त्या दिवशी माझं व्याख्यान ठेवलं. दुसरं कोण बोलणार त्यागावर? 'तरुण पिढीसमोर आदर्श' असाच विषय दिला होता. मुलंमुली मुद्दाम बोलावली होती. मी त्या बाईलाही निरोप पाठवला, पोरीला घेऊन ये. ती आली. देवळाच्या सभामंडपात मागे खांबाला टेकून बसली.

मी लिहून नेलं होतं, नाहीतर शब्द पळाले असते. सगळं सांगितलं. व्हरांडा, बाँड रायटर, १९९४, १९५६. भीती वाटली होती ते. पंचमीचं. वर्गात काय वगळलं ते. मग २००५ चा केंद्राचा कायदा सांगितला, ज्यात आधी लग्न झालेल्या मुलीही आल्या. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तुमच्यासमोर कागद येईल, म्हटलं, तेव्हा तो वाचा. कन्नड येत नसेल तर घरी घेऊन जा, कोणाकडून तरी वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी सांगा. द्यायचं असेल तर द्या. आधी तुमचं आहे ते तुमच्या नावावर येऊ दे, मग वाटलं तर सगळं दान करा, मी टाळ्या वाजवायला येईन.

टाळ्या पडल्या नाहीत. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुढे बसलेल्या एका काकांनी घसा साफ केला आणि आरती लावा म्हणाले. अध्यक्षांनी समारोपात म्हटलं की बाईंनी फारच विनम्रतेनं आपला मोठेपणा लपवला. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. माणसं एकदा मूर्ती घडवून बसली की तिच्यावर आपणच घण घातला तरी ती त्यालाही विनय म्हणतात.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "वन्सं, आम्ही काय कमी केलं तुम्हाला? वीस वर्षं पंचमीला साडी दिली. आत्यांना शेवटपर्यंत मीच सांभाळलं. देवळात सांगायची गरज होती का?" तिचं चूक नव्हतं. माझ्या आईचं शेवटचं दुखणं, हगणंमुतणं, तिनं एकटीनं काढलं होतं. त्याचा वाटा कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही, आणि मी माझ्या व्याख्यानात तेही वगळलं होतं. मी तिला तसं म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि फोन ठेवला. दादा फोनवर आलाच नाही. पुढच्या पंचमीला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सगळीकडेच करोना होता, त्यामुळे न येण्याचा अर्थ लावावा लागला नाही. २०२१ ला दादा स्वतः आला, सोबत तुरीची पिशवी. जमिनीविषयी दोघंही बोललो नाही. दोघंही म्हातारे झालो होतो.

त्या बाईला मी वकिलाकडे नेलं होतं. त्यांनी कागद बघितला. नोंदलेला आहे, सही करताना सज्ञान होती, मधे पंधरा वर्षं गेली. दावा लावता येईल, टिकेल असं सांगता येणार नाही, आणि भावाशी संबंध मात्र नक्की तुटेल. फी घेतली नाही त्यांनी. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुम्ही कशाला मनाला लावून घ्यायलालाव?" तिनं माझं सांत्वन केलं! बसस्टँडवर चहा पाजला, पैसेही तिनंच दिले. माझ्या देवळातल्या बोलण्याबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. मला वाटतं, तिच्या सहीतली चांगली गोष्ट मी काढून घेतली, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

पोरगी मात्र येऊ लागली. रविवारी, गणिताच्या निमित्तानं. आईसारखीच गणितात तरबेज. कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. हल्लीच्या पोरांना येतं. एकदा गणित झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, तुम्ही भ्यालात म्हणालात ना देवळात. मग आता नाही भीत?" मी म्हटलं, भिते, पण आता पंचमीचं बोलावणं येतच नाही, तर जायचं ते गेलंच. ती हसली नाही. विचार करत राहिली. तो काळ करोनाच्या आधीचा, दादा यायच्या आधीचा.

मागच्या महिन्यात ती पुन्हा आली, आता डिप्लोमाला आहे. नाडकचेरीतून मामाच्या शेताची पहाणी काढून आणली होती, पंधरावीस रुपये देऊन. टेबलावर पसरून ओळीवरून बोट फिरवत वाचू लागली. सर्वे नंबर, आकार, पीक: तूर आणि सोयाबीन. मग मालकाचा रकाना. मामाचं नाव. आणि त्याच्याखाली आणखी एक नाव. तिनं ते दोनदा वाचलं.

"आज्जीचं नाव हाय की अजून."

मी चष्मा लावून अक्षरं जुळवली. होतं. नवरा गेल्यावर लागलेलं, विधवा म्हणून तिच्या वाट्याचं. तिनं कधी सोडून दिलेलं नव्हतं; तिच्याकडे कोणी सही मागायला गेलंच नसेल. आज्जी पंच्याहत्तरच्या पुढे, कानानं कमी ऐकते, बाकी धडधाकट. त्याच घरात राहते, पुढच्या खोलीत. लेक मागच्या, गोठ्याजवळच्या.

"तिला ठाऊक असेल का?" पोरीनं विचारलं.

"नसणार."

"ती आपल्या वाट्याचं कुणालाबी देऊ शकते?"

"देऊ शकते. मामाला देऊ शकते, तुझ्या आईला देऊ शकते, नाहीतर स्वतःकडेच ठेवेल. तिचं आहे."

"मग तिला सांगायचं कुणी?"

मी लगेच बोलणार होते. मी सांगते, मी येते, असं ओठावर आलं होतं. पण त्या घरात मी गेले तर पत्रिकेवरची मूर्ती चालत आली असं होईल. आज्जी माझ्या पाया पडेल, किंवा मामा मला दारातच थांबवेल. मी गप्प बसले. पोरीनं कागदाची घडी केली, गणिताच्या वहीत ठेवली, चप्पल घातली.

"मीच विचारते तिला," म्हणाली. "आदी कन्नडमधी वाचून दाखवते, मग मराठीत सांगते. मोठ्यानं सांगावं लागंल. मामाला पण ऐकू जाणार."

तिला जाऊन पंधरा दिवस झाले. अजून आली नाही.